पिवळ्या पट्टीचा ठेका

ठेकेदार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर खडी, डांबर आणि गळ्यात सोन्याची साखळी घातलेला माणूस उभा राहतो. मी सरकारी ठेकेदार आहे असं सांगितल्यावर थेरगावच्या आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे गेटसमोरचे खड्डे तुमचेच का?" मी म्हटलं, "नाही हो, मी म्हातारी माणसं सांभाळते." त्यावर ते जास्तच गोंधळले. खड्ड्यांचा ठेका त्यांना समजत होता, म्हाताऱ्यांचा समजेना.

तर समजावून सांगते. देहूच्या बाजूला माजी सैनिकांचं एक सरकारी शुश्रूषागृह आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. आम्ही सगळे त्याला 'सदन' म्हणायचो. ज्यांना घरी बघायला कुणी नाही, किंवा आहे पण मुलगा-सून दोघंही शिफ्टमध्ये अडकलेली, असे म्हातारे जवान तिथे राहतात. इमारत सरकारची, डॉक्टर सरकारचे, औषधं सरकारची. पण आंघोळ घालणारे, भरवणारे, कूस बदलणारे हात मात्र ठेक्यावर. ते हात पुरवायचं काम काही वर्षं माझ्याकडे होतं.

त्याआधी मी चाकणच्या एका कंपनीत दवाखान्यातली सिस्टर होते. कुणाचं बोट चेमटलं, कुणाच्या डोळ्यात कण गेला, कुणाला सलग ओव्हरटाइम करून चक्कर आली, अशी माझी गिऱ्हाइकं. मग कंपनीने दवाखानाच बाहेरच्या एजन्सीला देऊन टाकला. मी चार दिवस चडफडले आणि पाचव्या दिवशी विचार केला, आता सगळीकडे एजन्सीच येणार असेल तर ती आपलीच का नको? लाइनवरून कमी केलेल्या बायका रस्त्यात भेटल्या की विचारायच्या, "सिस्टर, कुठं काम हाय का?" त्यातल्या धीराच्या बायका निवडल्या, त्यांना शुश्रूषेच्या कोर्सला बसवलं, उरलेलं मी स्वतः शिकवलं आणि सदनाचं टेंडर भरलं.

टेंडरची दोन पाकिटं असतात. आता सगळं कॉम्प्युटरवर असतं, पण नाव पाकीटच. पहिल्या पाकिटात आपण लायक असल्याचे पुरावे, दुसऱ्यात आपला दर. पहिल्यात जे पास होतात त्यांचं दुसरं उघडतात आणि ज्याचा दर सगळ्यांत कमी त्याला काम मिळतं. त्याला एल-वन म्हणतात. पहिल्या पाकिटात तुम्ही काठावर पास झालात की पहिल्या आलात, याने काडीचा फरक पडत नाही. तुमची बाई म्हाताऱ्याला भरवताना घास निवेपर्यंत थांबते की नाही, याचा रकाना कुठल्याच पाकिटात नसतो.

आणि त्या अटी! आमच्या पहिल्या टेंडरच्या अटी कुणीतरी सरकारी विश्रामगृहाच्या टेंडरवरून जशाच्या तशा उतरवल्या होत्या. 'कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांचे हसतमुखाने स्वागत करावे' इथवर ठीक होतं. पुढे लिहिलं होतं, 'पाहुण्याने खोली सोडतेवेळी चादर, उशी व टॉवेल तपासून घ्यावेत.' आमच्याकडे खोली सोडायची एकच पद्धत होती. एक वयोवृद्ध नाईक गेले, त्यांचे अंत्यसंस्कार उरकून आम्ही परत आलो, तर कार्यालयातून फोन. नवीनच लागलेला कारकून होता. "मॅडम, खोली सोडतानाची तपासणी झाली का?"

"झाली," मी म्हटलं. "एक चादर कमी आहे. ते अंगावर घेऊन गेले."

त्याने फोन ठेवून दिला. पुढच्या खेपेला टेंडर निघालं तेव्हा ती अट गायब होती. सरकारी अट म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, ती बदलते, हे मला त्या चादरीने शिकवलं.

माझ्या बायकांचं वळण सगळं कंपनीचं. कुठलंही काम पहिल्या नंबरापासून सुरू करायचं आणि ओळीने पुढे जायचं. त्यांत शालन सगळ्यांत तरबेज. ती चाकणजवळच्याच गावची, गाडीच्या वायरिंगच्या लाइनवर कित्येक वर्षं काढलेली. जिभेला धार, पण हात इतका हलका की म्हातारे इंजेक्शनलासुद्धा तीच पाहिजे म्हणून अडून बसायचे. इंजेक्शन द्यायची तिला परवानगी नव्हती, मग ती नुसता हात धरून बसायची आणि सुई मी मारायची.

पहिल्या खाटेवर होते सुभेदार गायकवाड. उंचेपुरे, मिशा अजून पिळदार, एका डोळ्याचं काम काचबिंदूने जवळजवळ संपवलेलं आणि दुसऱ्याचंही संपत आलेलं. सदनात आल्यापासून त्यांनी ताट परत पाठवायला सुरुवात केली. शालन ताट ठेवायची, ते बोटाने बाजूला सारायचे. डॉक्टर नळी घालायची भाषा करू लागले. एका दुपारी शालनचा पारा चढला.

"साहेब, जेवा की आता! मागं सगळे खोळंबल्यात."

"तेच तर," सुभेदार म्हणाले. "मागं सगळे उपाशी आहेत नि तू माझ्यापुढं ताट ठेवतेस? पहिले जवान जेवणार. मग मी."

शालन ताट उचलून तडक हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेली, तिथून वाढत वाढत परत आली आणि सगळ्यांत शेवटी सुभेदारांपुढे ताट ठेवलं. त्यांनी ते चाटूनपुसून संपवलं आणि वर लोणचं मागितलं. दुसऱ्या दिवसापासून आमचं वाढणं शेवटच्या खाटेपासून सुरू झालं.

खरी गोष्ट पुढेच आहे. सदनाचे दोन भाग होते. बाहेरचा हॉल चालत्याफिरत्या माणसांचा आणि आतला वॉर्ड अंथरुणाला खिळलेल्यांचा. आत खाटेला लोखंडी कठडे, अंगाला डायपर. नियम साधा होता: स्वतःहून संडासला जाता येत नसेल तर आत. बाहेरून आत गेलेला माणूस परत बाहेर आलेला मी एकदाही पाहिला नाही. बाहेरचे म्हातारे आतल्या दाराकडे बघायचंसुद्धा टाळायचे.

सुभेदारांची नजर गेली होतीच, आता आठवणही दगा देऊ लागली. खाटेवरून उठायचे आणि कुठे जायचं ते हरवायचं. एका सकाळी ते चादरींच्या कपाटासमोर उभे होते. ताठ, हात पायजम्याच्या शिवणीला लावलेले, आणि पायजमा ओला. सगळा हॉल बघत होता. शालन धावत गेली, बाजूची चादर ओढून त्यांच्या कमरेला गुंडाळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आगं बया! बादली सांडली की माझ्या हातनं! साहेब, भिजवलं व्हय मी तुमाला?"

हॉलमध्ये बादली नव्हतीच. पण सगळ्यांनी माना वळवल्या. सुभेदार तिच्या कानाशी एवढंच म्हणाले, "शालन, मला आत पाठवू नका."

डॉक्टर माणूस चांगला होता. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "सिस्टर, एकदोनदा मी डोळेझाक करीन. पण उद्या ते कुठेतरी पडले तर? पुढच्या राऊंडपर्यंत बघू, नाही जमलं तर आत घ्यावं लागेल." त्याचं चूक नव्हतं. प्रत्येक वेळी सोबत द्यायची म्हटलं तर ठेक्यात तेवढी माणसं नव्हती, आणि बाईमाणसाने संडासच्या दारापर्यंत सोबत यायचं, हे सुभेदारांना मेलं तरी चाललं नसतं.

मी चहा पीत डोकं धरून बसले होते. शालन समोर येऊन उभी राहिली.

"सिस्टर, कंपनीत नवा माणूस आला तर कुणाला रस्ता इचारतोय का?"

"म्हणजे?"

"खाली पिवळा पट्टा असतो न्हवं? त्यो धरून जायाचं. मशिनीत घुसत न्हाई कुणी. मग साहेबास्नी का न्हाई करायचा?"

ज्यांनी कारखाना आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. शॉप फ्लोअरवर मशिनांच्या मधून चालायच्या वाटा पिवळ्या रंगाने आखलेल्या असतात. इतकी वर्षं मीही त्यांवरून चालले होते आणि त्यांच्याकडे कधी धड पाहिलं नव्हतं.

त्या रविवारी शालन आणि तिच्या जोडीची एक बाई रंगाचा डबा घेऊन गुडघ्यांवर बसल्या. पहिल्या खाटेपासून, खांबाला वळसा घालून, संडासच्या दारापर्यंत एक जाड पिवळा पट्टा. करड्या फरशीवर तो असा उठून दिसत होता की अर्ध्या डोळ्यालाही चुकू नये. सोमवारी सकाळी सुभेदारांनी पाय खाली सोडले आणि ते खाली वाकून बघत राहिले. शालन लांबूनच म्हणाली, "साहेब, लाइन."

सुभेदार उठले. पट्ट्यावर पाऊल ठेवलं. मग त्या पायांना काय आठवलं देव जाणे, पण पाठ सरळ झाली, हात हलू लागले आणि ते खांबाला वळसा घालून थेट दारात. आत गेले, बाहेर आले, त्याच पट्ट्यावरून परत खाटेवर. चाकाच्या खुर्चीतल्या एका हवालदारांना राहवलं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"हॉलमध्ये शांतता!" सुभेदार गरजले.

मला हसू आणि रडू एकदमच आलं. राऊंडला आलेल्या डॉक्टरने ते चालणं पाहिलं, पेन खिशाला लावलं आणि काही न लिहिता पुढच्या खाटेकडे गेला. महिनाभरात बाकीच्यांसाठीही पट्टे झाले. मी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवत सुटले, आणि तिथेच घात झाला. इमारतींची देखभाल बघणाऱ्या खात्याची तपासणी आली आणि पाठोपाठ नोटीस: शासकीय इमारतीत विनापरवाना बदल केला आहे, फरशी पूर्ववत करावी. मी फोन केले, अर्ज केले, कुणी हलेना. शेवटी खात्याची माणसं थिनर आणि तारेचे ब्रश घेऊन आली. ती पट्टा घासत होती आणि सुभेदार खाटेवर बसून विचारत होते, "लाइन का काढता? कुणाची ऑर्डर?" त्या बिचाऱ्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सुभेदार उठले, खाली पाहिलं, आणि करड्या फरशीच्या मधोमध थांबले. या वेळी शालन पोचायच्या आत व्हायचं ते झालं. ते जेवले नाहीत. शालन ताट घेऊन शेवटी गेली तर म्हणाले, "आज जवानांनाच वाढ." डॉक्टरने आता मात्र सांगितलं, सोमवारी आत हलवायचं.

मी त्या खात्याच्या अभियंत्याकडे गेले ती भांडायलाच. तांबोळी त्यांचं नाव. मी खुर्चीवर बसायच्या आधीच सुरुवात केली. एका म्हाताऱ्या सुभेदाराची लाज गेली, तुमच्या फरशीची इभ्रत वाचली, असं बरंच काही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चहा मागवला.

"सिस्टर, पट्टा मी पाहिला होता. मला आवडला. पण उद्या ऑडिटवाला विचारणार, हा रंग कुठल्या मंजुरीने मारला? मी काय सांगू, आवडला म्हणून?"

"मग मंजुरी द्या."

"वरून यायला वर्ष जाईल." त्यांनी कपबशी माझ्याकडे सरकवली आणि खिडकीबाहेर बघत बोलू लागले. "कसं असतं, रंग मारला की ते इमारतीचं काम. ते आमच्याकडे येतं. पण एखादी गोष्ट नुसती चिकटवली, तर ते ठेकेदाराचं साहित्य. तुमचं फिनेल, तुमचे झाडू, तसंच. त्यावर आमचा अधिकारच नाही."

मी चहा अर्धवट टाकून उठले. जिन्यातूनच शालनला फोन केला. ती म्हणाली, "सादी पट्टी नको हां सिस्टर. रोजच्या पोछ्यानं कड सुटती, त्यात पाय अडकला तर साहेब तोंडावर जातील. कंपनीतली घ्या, जिच्यावरनं माल उचलायची फोर्कलिफ्ट गाडी जाती." चाकणला तसल्या सामानाची दुकानं आहेत. शनिवारी पट्टी आणली, त्याच दुपारी बायकांनी चिकटवली. शालनने तिची कड न् कड दाबून काढली आणि मग स्वतः ढिली चप्पल घालून, मुद्दाम पाय घासत म्हाताऱ्यासारखी तीवरून फिरली. कुठे पाय अडला की तिथे पुन्हा बसायची.

रविवारी सकाळी ती सुभेदारांच्या खाटेशी गेली. "साहेब, लाइन आली."

ते लगेच उठले नाहीत. बहुतेक त्यांचा आमच्यावरचा विश्वास उडाला होता. मग एक पाय टेकवून बघितला, दुसरा टेकवला आणि निघाले. सोमवारी डॉक्टर आला, आतल्या वॉर्डचं नावही निघालं नाही. तांबोळी साहेब पुन्हा तपासणीला आले तेव्हा पट्टीवर बुटाची टाच घासून बघितली आणि शेरा लिहिला: फरशी पूर्ववत आहे, कंत्राटदाराचे साहित्य जागेवर आहे. जाताना माझ्याकडे बघून हसलेसुद्धा नाहीत. पक्के सरकारी माणूस.

सुख फार दिवस टिकत नाही. माझ्या ठेक्याची मुदत संपत आली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला: ठेका संपला की ठेकेदाराने आपलं साहित्य उचलून न्यायचं असतं. म्हणजे मी हरले तर ती पट्टी मलाच उखडावी लागणार. नवा ठेकेदार ती पुन्हा लावेलच याची काय खात्री?

नवं टेंडर भरायच्या आधी सगळ्या ठेकेदारांना बोलावून शंका विचारतात. त्या बैठकीत माझ्या शेजारी बबनराव बसले होते. भोसरीचे, सिक्युरिटी, हाउसकीपिंग, बगिचे, सगळ्यात पाय असलेले. अधिकाऱ्यांनी विचारलं, "कुणाच्या काही सूचना?" मी हात वर केला आणि म्हटलं, पिवळी पट्टी अटींमध्ये घ्या, आणि शेवटच्या खाटेपासून वाढायचंही.

बबनराव कानाशी कुजबुजले, "ताई, काय करताय राव! ती पट्टी म्हणजे तुमचा पॉइंट आहे. दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. आता आम्ही सगळेच मारणार की."

"त्यासाठीच सांगतेय," मी म्हटलं.

माझा जीव खालीवर होत नव्हता असं नाही. जे एक काम मला इतरांपेक्षा जास्त येत होतं, ते मी माझ्या तोंडाने सगळ्यांना वाटून टाकत होते. पण अट छापून आली: 'प्रत्येक खाटेपासून स्वच्छतागृहापर्यंत पिवळी मार्गदर्शक पट्टी सतत सुस्थितीत ठेवावी.' तिच्याखाली आणखी एक: 'जेवण शेवटच्या खाटेपासून वाढावे.' मी ते पान दोनदा वाचलं. इतकं सुंदर सरकारी मराठी मी आयुष्यात वाचलं नव्हतं.

दराची पाकिटं उघडली आणि एल-वन आले बबनराव. आणखी खाली यायचं तर मला बायकांच्या पगाराला हात लावावा लागला असता, तो मी लावला नाही. घरी येऊन मात्र स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून रडले. आमच्या धंद्यात ठेकेदार बदलला तरी कामाची माणसं बहुधा तीच राहतात, फक्त शर्टाचा रंग बदलतो. शालन आणि बाकीच्यांच्या अंगावर निळ्याऐवजी मरून रंगाचे शर्ट आले आणि मी घरी बसले.

मागच्या दिवाळीच्या आधी मऊ बेसनाचे लाडू करून सदनात गेले. जिथे मी हजेरी घ्यायची तिथे गेटवरच्या पोराने माझ्याकडे पास मागितला. राग गिळला आणि आत गेले. शालन मरून शर्टात धावत आली. हॉलमधली पट्टी नवी होती, माझ्या पट्टीपेक्षा रुंद.

"बबनरावांनी टाकली," शालन म्हणाली. "आदी म्हनले, कशाला? मी म्हनले, अटीत हाय. गप टाकली."

आम्ही बोलत उभ्या होतो आणि पहिल्या खाटेवरून सुभेदार उठले. चांगलेच वाळले होते, पण पाठ सरळ. माझ्यापर्यंत आले आणि थांबले. मला फार आनंद झाला.

"नमस्कार, साहेब. ओळखलंत का?"

त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. ओळखीची काही खूण त्या चेहऱ्यावर उमटली नाही. "ओळखपाळख मागनं," ते म्हणाले. "लाइन सोडा, बाई."

मी खाली पाहिलं. माझे दोन्ही पाय बरोबर पट्टीवर होते. मी झटकन बाजूला झाले. ते खांबाला वळसा घालून गेले.

शालन ओशाळली. "सिस्टर, मनावर घेऊ नका. त्यांच्या ध्यानात आता कुनीच ऱ्हात न्हाई."

मी तिला हातानेच थांबवलं, कारण मी ऐकत होते. हॉलच्या टोकाला दार लोटल्याचा आवाज आला आणि मग आतून कडी लागल्याचा. आपली आपण लावलेली. तेवढा अभिमान मला एल-वन आल्यावरसुद्धा कधी वाटला नव्हता.